शेतकऱ्याचे पेव

वाचकहो, बोलताना आपण सहज म्हणून जातो, "यंदा लग्नांचं नुसतं पेव फुटलंय." वर्तमानपत्रातही कुणी लिहितो, अमुक गावात खानावळींचे पेव फुटले आहे. आता एकदा वर्गातल्या मुलांना विचारून पाहा, पेव म्हणजे काय रे? बहुतेक मुले गप्प बसतील. एखादा धीट मुलगा म्हणेल, "गुरुजी, पेव म्हणजे पुष्कळ." त्याचे तसे काही चुकले नाही. शब्द भाषेत राहिला आणि वस्तू गावातून गेली, की असेच व्हायचे.

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेले खोल कोठार. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), विजापूर अशा ज्वारीच्या मुलखात एके काळी बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्याच्या घरी, वाड्यात किंवा गावाच्या कडेला पेव असे. पेव फुटणे म्हणजे ते उघडणे. तोंड मोकळे झाले की आतली ज्वारी बाहेर येऊ लागे, मापे पडू लागत आणि माणसांची रीघ लागे. दाण्याचा तो सुकाळ भाषेने पकडून ठेवला. पण पेव गेले कसे आणि त्याच्याबरोबर शेतकऱ्याच्या ताटातले काय काय गेले, हा इतिहास शाळेच्या पुस्तकात क्वचितच येतो. त्यात लढाया पुष्कळ असतात. भाकरी फारशी नसते.

प्रथम पेवाची रचना समजून घेऊ. आपल्या गावाचे दोन भाग मानलेले आहेत, काळी आणि पांढरी. काळीत पीक घ्यायचे, पांढरीवर वस्ती करायची. काळी जमीन ओल धरते, म्हणून ती ज्वारीला चांगली आणि साठवणीला वाईट. तेव्हा पेव खणायचे ते गावठाणाच्या उंचवट्यावर, जिथे पावसाचे पाणी थांबत नाही अशा कठीण मुरमाड जागी. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढेच. आत मात्र पोट रुंद करीत न्यायचे, मोठ्या रांजणासारखे. खणून झाले की आत काटक्या-कडबा पेटवून ओल मारायची. मग तळाला आणि बाजूंना कडब्याचे, भुशाचे, कडुलिंबाच्या पाल्याचे अस्तर द्यायचे. उन्हात चांगली वाळलेली ज्वारी त्यात ओतायची, वर पुन्हा कडबा घालायचा, तोंडावर फरशी ठेवायची आणि मातीने लिंपून टाकायचे. एवढे झाले की वरून गाडी गेली तरी कुणाला पत्ता लागत नसे. आग लागली, घर जळाले, दरोडा पडला, तरी दाणा जमिनीखाली सुखरूप. पेंढाऱ्यांच्या धामधुमीच्या दिवसांत ही सोय काही लहान नव्हती.

आता यातले शास्त्र पाहा. शिक्षकांना हे वर्गात सांगता येईल. धान्य मेलेले नसते. ते श्वास घेते. त्यातले किडेही श्वास घेतात. तोंड बंद झाले की थोड्याच दिवसांत आतला प्राणवायू संपत येतो आणि कर्बवायू भरतो. मग किडे आपोआप मरतात. औषध नको, धुरी नको. आज आपण हवाबंद पिशव्यांत धान्य साठवतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. कडेची चार बोटे ज्वारी ओल लागून खराब व्हायची, तीही धरलेलीच असे. पेवातल्या ज्वारीला एक उग्र वास येई आणि तिची भाकरी जरा काळपट होई. ही ज्वारी उगवत मात्र नसे. म्हणून बियाण्याची कणसे वेगळी निवडून आढ्याला टांगीत, किंवा बी राखेत घोळून मडक्यात ठेवीत. खाण्याचा दाणा आणि पेरण्याचा दाणा हे दोन वेगळे संसार होते, आणि दुसऱ्याची राखण बहुधा घरातल्या म्हातारीकडे असे.

पेव एकदा उघडले की सगळे रिकामे करावे लागे. बाहेरची हवा आत गेली की उरलेला माल बिघडायचा. तेव्हा रोजच्या दळणासाठी पेव नव्हे. त्यासाठी घरात कणगी असे, तुरकाठ्यांची किंवा बांबूची विणलेली, शेणामातीने सारवलेली. मोठ्या घरात भिंतीतच बांधलेले बळद असे. डाळी, कडधान्ये, मीठमिरची हे उतरंडीच्या मडक्यांत. म्हणजे उतरंड महिन्याची, कणगी वर्षाची, आणि पेव पुढच्या वाईट वर्षाचे. पेवाकडे नीट पाहायचे असेल तर या हिशेबाने पाहा. ते श्रीमंतीचे प्रदर्शन नव्हते. ती न आलेल्या पावसाची तरतूद होती.

अशी तरतूद पेवात सुरू होत नसे, ती शेतातच सुरू होई. दख्खनच्या पठारावरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा! मृग हुकतो, हस्ताचा भरवसा नाही. या पावसाशी जुना शेतकरी एका पिकाच्या बळावर झुंजत नव्हता. हलक्या बरड रानात बाजरी, आणि बाजरीत मटकी, हुलगा, तूर, थोडी अंबाडी. पाभरीला मागून एक वेगळी नळी बांधीत आणि घरची बाई त्यातून तुरीचे बी सोडीत चाले. पाऊस लवकर गेला तर बाजरी हाती लागे, उशिरा आला तर तूर. दोन्ही गेले तर हुलगा तरी दगा देत नसे. भारी काळ्या रानात उत्तरा-हस्ताच्या ओलीवर रब्बीची शाळू ज्वारी. तिच्या कडेने करडईचे पट्टे, कारण करडईला काटे असतात, गुरे आत शिरत नाहीत आणि घरच्या फोडणीला तेलही मिळते. हरभऱ्यात जवस. अंबाडीच्या पाल्याची भाजी आणि तिच्याच वाखाचे कासरे. एका शेतात दहा जिनसा पाहून परक्या साहेबाला हा गोंधळ वाटे. वस्तुतः तो विमाच होता, आणि त्याचा हप्ता रोख द्यावा लागत नव्हता.

या शेतातून ताटात काय येई? सकाळी न्याहारीला रात्रीची भाकरी, कांदा आणि ठेचा. दुपारी शेतावर भाकरी, आमटी किंवा पिठले, हंगाम असेल ती भाजी. रात्री पुन्हा भाकरी, नाहीतर ज्वारीच्या कण्या आणि ताक. उन्हाळ्यात आंबील, थंडीत हुलग्याचे माडगे. पौषाच्या सुमारास शाळूची कणसे दुधाळ भरली की आगटी पेटवून हुरडा. पावसाळ्याच्या तोंडाला, जेव्हा कणगीचा तळ दिसू लागे, तेव्हा बांधावरच्या रानभाज्या धावून येत. तांदुळजा, घोळ, कुर्डू, टाकळा, पाथरी यांना कुणी पेरले नाही, पण जाणत्या बाईला त्या कुठे आणि केव्हा उगवतात हे ठाऊक असे. गहू सणाचा, तांदूळ पाहुण्याचा. जाता जाता सांगतो, ज्या ठेच्यावाचून आपली भाकरी घशाखाली उतरत नाही, ती मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात या किनाऱ्याला लागली. ज्ञानेश्वरांच्या काळच्या शेतकऱ्याने ठेचा पाहिलेला नव्हता. तेव्हा 'परंपरागत' म्हणताना जरा बेतानेच म्हणावे.

हे अन्न पौष्टिक होते का? ज्वारी-बाजरीबरोबर मटकी, तूर, हुलगा पोटात गेला तर होते. धान्यात जे प्रथिनांचे अंग कमी पडते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात. पण केवळ ज्वारीवर दिवस काढावे लागले तर? १९६०च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दख्खनच्या पठारावर जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा नावाचा, कातडी आणि मन दोन्ही बिघडवणारा रोग होतो. म्हणजे भाकरीचे गोडवे गाताना भाकरीशेजारी काय होते हेही विचारले पाहिजे. ताटातली डाळ गेली की जुने अन्न जुने राहिले नाही, नुसते अपुरे राहिले.

आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे, आणि ती आपण पुरुषमंडळी सहसा विचारत नाही. हे सगळे दळत कोण होते? बाजरीचे पीठ दोन-तीन दिवसांत कडू होते, म्हणून दळण रोजचे. पहाटेच्या अंधारात जाते सुरू होई. जात्यावरच्या ओव्यांचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्यांचा प्रचंड संग्रह केला, त्यात बायकांच्या मनातले सगळे जग आहे. पण ओवी येई ती दमलेल्या देहातून. शिवाय जेवायला पुरुष आधी, पोरे मग, आणि बाई शेवटी. टंचाईच्या वर्षी हंड्यात शेवटी काय उरत असेल ते समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा म्हाताऱ्यांनी नाके मुरडली, पिठाची चव गेली म्हणून. सुनांनी मुरडली नाहीत.

आता खळ्यावर येऊ, कारण दाण्याच्या वाटण्या तिथेच होत. फाल्गुनात शाळू उपटून, कणसे खुडून खळ्यावर आणीत. मधोमध तिवडा, त्याभोवती बैलांची पात, मग वाऱ्यावर उपणणे आणि शेवटी रास. रास पुजून झाली की मापाला सुरुवात होई. पण ती सगळी घरी जात नसे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी असे बलुतेदार आपापला वाटा घ्यायला उभे असत. कुणाला पेंढ्या, कुणाला सुपे, कुणाला पायल्या. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या पुस्तकात या व्यवहाराची तपशीलवार नोंद आहे, आणि बरीच कडवट टीकाही. बलुते म्हणजे गावाने कारागिराच्या पोटाची घेतलेली हमी, असे एक चित्र आपण रंगवतो. सुतार-लोहारापुरते त्यात तथ्य आहे. पण ज्यांना हक्काचा वाटा हात पसरून, दूर उभे राहून घ्यावा लागला, ज्यांच्या वाट्याला खळ्याच्या तळचे मातीमिश्रित धान्य आणि शिळे तुकडे आले, त्यांना त्याच व्यवस्थेने भाकरीबरोबर अपमानही वाढला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचा कायदा बदलण्याचे विधेयक आणले ते उगाच नव्हे. वतने कायद्याने गेली ती १९५८च्या अधिनियमाने. अनेक गावांत दलितांनी त्याआधीच बलुते सोडले होते, घरात दुसरा दाणा नसताना सोडले होते. पेवाचा इतिहास सांगताना हेही सांगितले पाहिजे की गावात पेवे थोडक्यांची होती आणि त्यांच्याकडे पाहणारे पुष्कळ.

आता मुख्य प्रश्न. ही पेवे रिकामी का झाली?

दुष्काळ काही इंग्रजांनी आणले नाहीत. १३९६ पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या तोंडी शतकानुशतके राहिला. १६३० ते ३२ च्या दुष्काळात दख्खन आणि गुजरात उजाड झाले. तुकोबांच्या घरात त्याने काय केले ते आपल्याला माहीत आहे. या दोहोंच्या मधली मंगळवेढ्याची कथा तर प्रत्येक मुलाला ठाऊक असते. बहामनी अमलात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली आणि विठोबा महाराचे रूप घेऊन बिदरला त्या धान्याची रक्कम भरून आला. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. तिच्यातली अडचण ध्यानात घ्या: कोठार भरलेले आहे, माणसे मरताहेत, आणि कुलूप सरकारचे. पन्हाळ्यावर सहल नेलीत तर अंबरखान्यातली गंगा कोठी मुलांना दाखवताना हे जरूर सांगा. राज्याचा दाणा आणि घरचा दाणा यांत फरक आहे. पेव हा घरचा दाणा होता.

पण तो पेवात का पडून राही? निव्वळ शहाणपणामुळे नव्हे. रस्ते नव्हते हेही तितकेच खरे. सोलापूरकडे ज्वारी उदंड पिकली तर ती बैलाच्या पाठीवरच जायची. लमाणांचे तांडे नेतील तेवढी नेत. इतक्या जड आणि स्वस्त मालाला लांबची वाहतूक परवडत नसे. म्हणून पिकल्या वर्षी भाव कोसळे आणि उरलेली ज्वारी जमिनीखाली जाई. पुढे आगगाडी आली. १८६० साली ती सोलापुरास पोहोचली, १८६३ साली बोरघाट खुला झाला आणि मुंबईची बाजारपेठ दारात आली. आता उरलेल्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळाले. मग ती पुरून ठेवायची कशाला? हे शेतकऱ्याचे अज्ञान होते असे मला वाटत नाही. त्याला रोकड हवी होती, आणि ती हवी असण्याची सबळ कारणे होती.

त्यातले पहिले कारण सारा. मराठी अमलातही रोख सारा होताच. पण पीक बुडाले की सूट, तहकुबी, घासाघीस याला वाव असे. १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी नवी पाहणी सुरू केली, तिच्यात शेतवार आकार ठरला आणि तो तीस वर्षांसाठी कायम झाला. हिशेब स्वच्छ झाला, मधल्या माणसांची लूट कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण आकार कायम आणि पाऊस मात्र पूर्वीचाच. वाईट वर्षी सारा भरायला शेतकरी सावकाराकडे जाई. सावकाराच्या हातात आता कोर्टाचा हुकूमनामा होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ मध्ये कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज मुबलक मिळाले. युद्ध संपले, भाव पडला, कर्ज राहिले. तशात १८६७ पासून फेरपाहणी होऊन अनेक तालुक्यांत आकार पुष्कळ वाढला. रास पडायच्या आत ज्वारी सावकाराची होऊन बसे. खळ्यावरून ती पेवात जायची, पण आता पेव सावकाराचे होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, आणि धान्याची दुकानेही लुटली. वह्यांची गोष्ट सगळे सांगतात. धान्याची लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळात पुणे, नगर, सोलापूर, सातारा आणि दक्षिणेकडचे कानडी जिल्हे होरपळून निघाले. आगगाडीने बाहेरचे धान्य आत आणले, हे खरे. नसती तर आणखी माणसे मेली असती. पण धान्य आले म्हणजे पोटात गेले असे होत नाही, ते विकत घ्यायला हातात पैसा लागतो. आणि त्याच काळात हिंदुस्थानातून परदेशी गहू जातच होता. सरकारने दुष्काळी कामे काढली, आणि १८७७च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापून दिवसाला एक रत्तल धान्याच्या हिशेबावर आणली. रत्तल म्हणजे जवळपास साडेचारशे ग्रॅम. खडी फोडणाऱ्या माणसाने त्यावर जगायचे! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले. कामावरचे लोकही जागोजाग काम टाकून निघून गेले. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा ही सगळी माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

तरीही सावकार, सारा आणि आगगाडी एवढ्यानेच सगळे उलगडत नाही. जमिनीचा तुकडाच लहान होत गेला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. (त्या गावात आज पंधरा-पंधरा मजली इमारती आहेत, तिथली ज्वारी आता किराणा दुकानात मिळते.) त्यांनी जुनी दप्तरे चाळून हिशेब काढला. १७७१ साली त्या गावात धारण सरासरी ४० एकरांची होती, १८१८ साली साडेसतरा एकरांची, आणि १९१४-१५ साली फक्त ७ एकरांची. बहुतेक घरांचे पोट केवळ शेतीवर भरत नव्हते, बाहेरची मजुरी धरावी लागे.

आता सात एकरांचे गणित घालून पाहू. भाषणाच्या वेळेत हा हिशेब मांडता आला नव्हता, म्हणून इथे सविस्तर देतो. शिक्षकांना फळ्यावर मांडता येईल. कष्टाच्या माणसाला दिवसाला अर्धा किलो ज्वारी धरा. चार मोठी माणसे आणि दोन पोरे असलेल्या घराला रोज अडीच किलो, म्हणजे वर्षाला नऊ क्विंटल. सातही एकर ज्वारीच पेरली असे समजू. कोरडवाहू रानात, जुन्या पद्धतीने, बऱ्या वर्षी एकरी अडीच क्विंटल म्हटले तर साडेसतरा क्विंटल होतात. नऊ खाण्याला गेले, तीसएक किलो बियाण्याला गेले. उरलेल्या आठातून बलुते, मजुरांची कणसे, मीठ, कापड, सारा, व्याज, आणि कधीतरी एक बैल. पेवात टाकायला काय उरले? आणि पाऊस निम्मा पडला तर साडेसतराचे पावणेनऊ होतात, म्हणजे खाण्यालाच पुरत नाहीत. चाळीस एकरवाल्याने अर्धे रान पड आणि गायरान टाकले तरी त्याच्या खळ्यावर पन्नास क्विंटल पडत. अर्थात १७७१ सालचे घर मोठे, एकत्र कुटुंबाचे असणार, खाणारी तोंडे जास्त, हे वजा करायला हवे. तरीसुद्धा फरक उरतोच. पेव पोसायला जमीन लागते.

यापुढची हकिकत भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धात धान्याची लेव्ही आली. सरकारी माणूस खळ्यावर येऊन आपला वाटा मोजून नेऊ लागला, मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले. त्या दिवसांत पेव असणे ही अडचण झाली. साठा दिसला की प्रश्न विचारले जात. मग १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. दाणा भरघोस, पण ताट बुटके, कडबा थोडा आणि निबर. खरिपात पिकताना पाऊस लागला की दाणा काळा पडे आणि भाकरीला पूर्वीची चव नसे. संकरिताला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. त्या काळी पोटाला दाणा हवा होता आणि तो तिने दिला. पण जुन्या ज्वारीने माणसाला आणि बैलाला एकाच पेरणीत जेवू घातले होते, ते गणित तुटले. रब्बीत मात्र मालदांडी टिकून राहिली. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी अजूनही सोलापूरकडच्या काळ्या रानात उभी असते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

१९७२ साली पाऊस पुन्हा गेला. घरोघरच्या कणग्या आधीच रित्या होत्या, पेवे तर कधीच बुजली होती. अमेरिकेतून तांबडी मिलो आली, कामावर सुकडी वाटली गेली. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या जिभेवर ती अजून आहे, आणि तिचे नाव काढले की ते तोंड वाकडे करतात. पण १८७७ आणि १९७३ या दोन सालांची तुलना विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्या. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडीच फोडत होती, पण मजुरी बरी मिळत होती आणि रेशनच्या दुकानात काही ना काही येत होते. हाल झाले, गुरे गेली, तरी शंभर वर्षांपूर्वीसारखी माणसे रस्त्याच्या कडेला पडली नाहीत. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. पेवाचे जे काम, वाईट वर्ष निभावून नेण्याचे, ते आता मजुरीने आणि रेशनकार्डाने उचलले. आणि हे कार्ड पेवासारखे थोडक्यांच्याच घरी नव्हते. ही कमाई लहान नव्हे.

त्या कार्डावर मिळतो मात्र गहू आणि तांदूळ. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्याचेही नाव घेतले आहे, पण दुकानात वर्षानुवर्षे आला तो गहू-तांदूळच. म्हणून ज्वारीच्या मुलखातल्या गरीब घरात चपाती आणि भात रोजचा झाला, आणि २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा शहरातल्या दुकानात ज्वारीचे पीठ गव्हाच्या पिठापेक्षा महाग विकले जात होते. शाळू पिकवणारा शेतकरी ती विकतो आणि रेशनचा गहू घरी आणतो. त्यात त्याचे चार पैसे सुटतात, त्याला दोष कोण देणार? फक्त बांधावरची करडई गेली, बाजरीतली मटकी गेली, आणि त्यांच्याबरोबर कुणी कशात काय पेरायचे हे ठाऊक असलेली म्हातारीही गेली.

शिक्षकबंधुभगिनींना एक काम सुचवितो. मुलांना गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे पाठवा. गावात पेवे कुठे कुठे होती, कुणाची होती, कुणाच्या किती खंडींची, शेवटचे केव्हा उघडले आणि ते पाहायला कोण कोण जमले होते, हे वहीत उतरून घ्या. मापांची नावेही विचारा, शेर, अधोली, पायली, मण. मण किती पायल्यांचा होता हे तर गावोगाव बदलते. पेव नसलेल्या घरांतही जा. दाणा संपला की ते कुणाकडे जात आणि त्याबदल्यात काय द्यावे लागे, हा प्रश्न तिथे विचारा, आणि तो शक्य तर घरातल्या बाईला विचारा.

आणि एक सूचना. पडक्या वाड्यात एखादे जुने पेव उघडे सापडले तर मुलांना त्यात उतरू देऊ नका. ज्या वायूने किडे मरत त्याच वायूने माणूसही मरतो, आणि त्याला वास नसतो. जुनी माणसे तोंड उघडून पेवाला बराच वेळ वारा देत, मग दोरीने दिवा आत सोडीत. दिवा विझला तर त्या दिवशी कुणी आत जात नसे.